बॉब क्रॉम्प्टन: इंग्लंडच्या व्यावसायिक फुटबॉलच्या पहिल्या पर्वातील बचावपटू – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्लॅकबर्न रोव्हर्सचा इतिहास वाचू लागलेल्या वाचकांकडून रॉबर्ट ऊर्फ बॉब क्रॉम्प्टन यांच्याविषयी जे प्रश्न सतत येतात, ते येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल असे लिहिले आहे आणि एखाद्या मुद्द्याचा विस्तार दुसरीकडे असल्यास त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. बॉब क्रॉम्प्टन कोण होते?

क्रॉम्प्टन हे ब्लॅकबर्न रोव्हर्स आणि इंग्लंडचे उजवे फुल-बॅक, म्हणजे उजव्या बाजूचे बचावपटू, होते. खेळाडू म्हणून १८९६ ते १९२० हा सारा काळ त्यांनी एकाच क्लबात घालवला. त्यांच्या नेतृत्वाखाली क्लबने १९११-१२ आणि १९१३-१४ या दोन हंगामांत इंग्लंडचे लीग विजेतेपद मिळवले. १९०२ ते १९१४ या काळात ते इंग्लंडकडून ४१ सामने खेळले आणि त्यांपैकी वीसहून अधिक सामन्यांत कर्णधार होते. पुढे त्याच क्लबाचे संचालक आणि व्यवस्थापक म्हणूनही त्यांनी काम केले. पहिल्या महायुद्धापूर्वीच्या इंग्लिश बचावपटूंमध्ये माझ्या मते त्यांचे स्थान पहिले आहे. ते का, हे पुढील उत्तरांतून, विशेषतः प्रश्न ५, ६ आणि ९ मधून स्पष्ट होईल.

२. ते मूळचे कुठले? ज्या गावात जन्मले त्याच गावच्या क्लबासाठी खेळले, हे खरे आहे का?

होय. त्यांचा जन्म २६ सप्टेंबर १८७९ रोजी लँकेशायरमधील ब्लॅकबर्न येथे झाला. ब्लॅकबर्न हे तेव्हा सुती कापडाच्या गिरण्यांचे शहर होते, आणि तेथील मागांवर विणल्या जाणाऱ्या मालाचा मोठा भाग, त्यात धोतरजोड्यासुद्धा, हिंदुस्थानच्या बाजारपेठेसाठी असे. मुंबई आणि लँकेशायर या दोन गिरणीप्रदेशांतली स्पर्धा मराठी वाचकांना वेगळी सांगायला नको.

या गिरण्यांच्या शहरांतच व्यावसायिक फुटबॉल वाढीला लागला. शनिवारी दुपारनंतर गिरण्या बंद होत आणि त्यामुळे खेळायला व पाहायला वेळ असलेला कामगारवर्ग तयार झाला. १८८३ साली ब्लॅकबर्न ऑलिंपिक या कामगारांचा भरणा असलेल्या संघाने एफए चषक ही इंग्लंडची बाद पद्धतीची मुख्य स्पर्धा जिंकून उच्चभ्रू शाळांतून आलेल्या हौशी खेळाडूंची मक्तेदारी मोडली. त्याच शहरातील रोव्हर्सने १८८४, १८८५ व १८८६ असा सलग तीनदा आणि पुढे १८९० व १८९१ मध्ये पुन्हा चषक मिळवला. क्रॉम्प्टन यांचे बालपण या विजयांच्या काळात गेले.

३. ते सुरुवातीला व्यावसायिक व्हायला तयार नव्हते, असे वाचले. त्यामागचे कारण काय?

कारण फुटबॉलच्या बाहेरचे होते. क्रॉम्प्टन उत्तम पोहत आणि वॉटर पोलोही खेळत. त्या काळच्या हौशी क्रीडासंघटनांच्या नियमांनुसार एका खेळात पैसे घेतले की दुसऱ्या खेळातील हौशी दर्जाही धोक्यात येई. फुटबॉलसाठी वेतन घेतले तर जलतरण आणि वॉटर पोलोला कायमचे मुकावे लागेल, ही त्यांची भीती अगदी रास्त होती. १८९६ साली ते रोव्हर्समध्ये आले आणि एप्रिल १८९७ मध्ये, वयाची १८ वर्षे पूर्ण होण्याआधीच, स्टोकविरुद्ध लीगमधील पहिला सामना खेळले.

४. तेव्हा ‘व्यावसायिक’ खेळाडूला पैसे किती मिळत? क्रॉम्प्टन श्रीमंत होते का?

इंग्लंडमध्ये व्यावसायिक खेळाडूंना जुलै १८८५ मध्ये अधिकृत मान्यता मिळाली आणि १८८८ साली १२ क्लबांची फुटबॉल लीग सुरू झाली. रोव्हर्स त्या १२ संस्थापक क्लबांपैकी एक होते. १९०१ पासून खेळाडूच्या वेतनावर आठवड्याला ४ पौंड अशी कमाल मर्यादा घालण्यात आली आणि १९१० पासून काहींना ५ पौंडांपर्यंत जाण्याची मुभा मिळाली. गिरणीतल्या मजुरापेक्षा हे उत्पन्न बरेच चांगले होते. पण देशाचा कर्णधार असला तरी त्याला क्लबकडून याहून अधिक वेतन घेता येत नसे, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

वेतनाइतकाच दुसरा बंधनकारक भाग म्हणजे खेळाडूची नोंदणी. ती क्लबाच्या ताब्यात राही आणि करार संपल्यानंतरसुद्धा क्लबाने मोकळे केल्याशिवाय खेळाडूला लीगमधील दुसऱ्या क्लबाकडे जाता येत नसे. म्हणून त्या काळी एकाच क्लबात २० वर्षे काढणाऱ्या प्रत्येकाला निष्ठावंत म्हणणे धाडसाचे ठरेल. क्रॉम्प्टन यांच्या बाबतीत मात्र तो शब्द मी बिनदिक्कत वापरेन, कारण खेळणे थांबल्यानंतर, म्हणजे नोंदणीचे बंधन उरलेले नसतानाही, ते या क्लबाकडे पुन्हा पुन्हा आले (प्रश्न १४ पाहा). स्वतःच्या मोटारीतून सरावाला येणारे ते पहिले व्यावसायिक फुटबॉलपटू होते, असे ब्लॅकबर्नमध्ये सांगितले जाते. तसे असेल, तर ४ पौंडांच्या मर्यादेत ती चैन परवडण्यासारखी नव्हती हे उघड आहे.

५. त्यांच्या काळातला ‘फुल-बॅक’ म्हणजे आजचाच फुल-बॅक का?

नाही. क्रॉम्प्टन यांच्याविषयीचे बहुतेक गैरसमज या एका शब्दातून निर्माण होतात, म्हणून हे उत्तर थोडे सविस्तर देत आहे.

आजचा फुल-बॅक कडेने खेळतो, धावत वर जातो आणि चेंडू आत टाकतो. १९२५ पूर्वीच्या रचनेत गोलरक्षकाच्या पुढे फक्त दोन फुल-बॅक असत, त्यांच्या पुढे तीन हाफ-बॅक आणि त्यांच्या पुढे पाच आघाडीपटू. प्रतिस्पर्ध्याचे कडेचे खेळाडू बहुधा कडेच्या हाफ-बॅककडे असत आणि दोन्ही फुल-बॅक मैदानाच्या मधल्या पट्ट्याकडे सरकून गोलकडे जाणारा रस्ता अडवत. म्हणजे आजच्या मध्यवर्ती बचावपटूंचे बरेचसे काम त्यांच्याकडे होते. ‘सेंटर हाफ’ हा तेव्हा मागे थांबणारा बचावपटू नव्हता, तर संपूर्ण मैदानभर वावरणारा आणि हल्ल्यांची सुरुवात करून देणारा खेळाडू होता.

याहून महत्त्वाचा फरक ऑफसाइडच्या नियमाचा आहे. तेव्हा चेंडू पुढे दिला जात असताना आघाडीपटू आणि गोलरेषा यांच्या दरम्यान प्रतिस्पर्ध्याचे किमान तीन खेळाडू असणे आवश्यक होते. सामान्यतः हे तिघे म्हणजे गोलरक्षक आणि दोन फुल-बॅक. त्यामुळे दोघांपैकी एक फुल-बॅक चार पावले पुढे सरकला की आघाडीपटू ऑफसाइड ठरे आणि अंदाज चुकलाच तर दुसरा फुल-बॅक मागे सावरायला असे. १९०७ पर्यंत तर स्वतःच्या अर्ध्या मैदानातही खेळाडू ऑफसाइड होऊ शकत असे. न्यूकॅसल युनायटेडचे आयरिश फुल-बॅक बिली मॅक्रॅकन यांनी या सापळ्याचा इतका वापर केला की प्रेक्षक त्यांच्यावर चिडत. अखेर १९२५ साली तीनऐवजी दोन खेळाडूंचा नियम आला आणि इंग्लंडच्या पहिल्या विभागातील गोलांची संख्या एका हंगामात १,१९२ वरून १,७०३ वर गेली.

क्रॉम्प्टन यांची खेळाडू म्हणून सारी कारकीर्द या बदलाच्या आधीची आहे. गोल कमी होत त्या काळात ते बचाव करत होते, हे आकडे वाचताना विसरू नये. त्याचबरोबर, केवळ दोन माणसांनी मैदानाची सारी रुंदी राखायची म्हणजे चेंडू कुठे येणार याचा अंदाज आधी बांधणे भाग होते. एक पाऊल चुकीचे पडले तर मागे तिसरा कोणी नव्हता.

६. त्यांचा खेळ नेमका कसा होता? नुसता दांडगाईचा होता का?

दांडगाई होती, पण तेवढीच नव्हती. ते अंगाने भक्कम होते आणि खांद्याने दिलेली धडक हा त्या काळी खेळाचा नियमसंमत भाग होता. चेंडू हातात असलेल्या गोलरक्षकालाही अशी धडक देता येई. चेंडू चामड्याचा, आतून रबरी फुग्याचा आणि लेसने बांधलेला असे. पाऊस पडला की तो पाणी शोषून जड होई. असा चेंडू बचावक्षेत्रातून लांबवर, आणि नुसता लांबवर नव्हे तर आपल्या आघाडीपटूच्या दिशेने, पोहोचवणे हे पायातल्या ताकदीचे आणि तंत्राचे काम होते. त्यांच्या लांब फटक्यांची ख्याती मोठी होती.

तरीही समकालीनांनी अधिक कौतुक केले ते त्यांच्या स्थानज्ञानाचे. आघाडीपटूच्या मागे धावण्यापेक्षा तो जिथे पोहोचणार तिथे आधी उभे राहायचे, ही त्यांची पद्धत होती. ४० व्या वर्षापर्यंत सर्वोच्च पातळीवर टिकण्याचे रहस्यही मला यातच दिसते, कारण वेग ३० नंतर कमी होत जातो आणि केवळ वेगावर उभा असलेला बचावपटू इतका काळ टिकत नाही.

७. क्रॉम्प्टन आले तेव्हा रोव्हर्स मोठा क्लब होता, मग विजेतेपदासाठी १५ वर्षे का लागली?

नावाने मोठा होता, पण तेव्हाची परिस्थिती बिकट होती. १८९७-९८ च्या हंगामात रोव्हर्स तळाजवळ राहिले. त्या काळी थेट बढती आणि घसरण नव्हती. पहिल्या विभागातील शेवटच्या व दुसऱ्या विभागातील वरच्या संघांत ‘कसोटी सामने’ होत. १८९८ च्या कसोटी सामन्यांत स्टोक आणि बर्नली यांना बरोबरी दोघांनाही पुरेशी होती आणि त्यांनी गोल करण्याचा प्रयत्न न करताच ०-० अशी बरोबरी साधली. या प्रकाराची इतकी शोभा झाली की कसोटी सामने बंद करण्यात आले, पहिला विभाग १६ वरून १८ क्लबांचा केला गेला आणि वाढीव जागांवर रोव्हर्स व न्यूकॅसल यांना घेण्यात आले. म्हणजे रोव्हर्सचे पहिल्या विभागातले स्थान मैदानावर नव्हे, तर बैठकीतल्या निर्णयाने टिकले. त्यानंतर १९३६ पर्यंत हा क्लब एकदाही खाली गेला नाही.

परिस्थिती पालटली ती १९०५ च्या सुमारास, जेव्हा लॉरेन्स कॉटन हे स्थानिक गिरणीमालक क्लबाचे अध्यक्ष झाले. ईवुड पार्क या रोव्हर्सच्या मैदानावर नवी प्रेक्षागृहे उभी राहिली. त्यांपैकी नटॉल स्ट्रीटचे प्रेक्षागृह आर्किबाल्ड लीच या प्रसिद्ध वास्तुरचनाकाराचे होते. सचिव-व्यवस्थापक रॉबर्ट मिडलटन यांच्या काळात पैसा खेळाडूंवरही खर्च झाला. १९११ मध्ये फॉल्कर्कहून जॉक सिम्पसन १,८०० पौंडांना आले आणि १९१३ मध्ये वेस्ट हॅमहून डॅनी शी २,००० पौंडांना. दोन्ही रकमा त्या त्या वेळी विक्रमी होत्या.

१९११-१२ मध्ये रोव्हर्सने ४९ गुणांसह लीग जिंकली आणि एव्हर्टन ४६ गुणांसह मागे राहिले. रोव्हर्सचे हे पहिलेच लीग विजेतेपद. त्यानंतर मे १९१२ मध्ये क्वीन्स पार्क रेंजर्सला २-१ असे हरवून त्यांनी चॅरिटी शील्ड मिळवली आणि त्या सामन्याचे उत्पन्न टायटॅनिक दुर्घटनेच्या मदतनिधीला देण्यात आले. १९१३-१४ चे दुसरे विजेतेपद अधिक निर्विवाद होते. रोव्हर्सचे ५१ गुण झाले आणि दुसऱ्या क्रमांकावरील ॲस्टन व्हिला ४४ वर थांबले. पुढचे विजेतेपद क्लबाला थेट १९९४-९५ मध्ये मिळाले. विक्रमी रकमेच्या आघाडीपटूंनी गोल केले हे खरेच, पण या दोन्ही संघांत आधीच्या दुबळ्या दिवसांपासून तेवढाच भरवशाचा राहिलेला खेळाडू कर्णधार होता, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

८. लीगमध्ये ते एकूण किती सामने खेळले? वेगवेगळे आकडे का दिसतात?

लीगचे ५०० हून अधिक सामने, एवढे निर्विवाद आहे. जुन्या नोंदींमध्ये दोन-तीन सामन्यांचा फरक आढळतो आणि लीगचे, चषकाचे व इतर सामने एकत्र धरले की आकडा आणखी बदलतो, म्हणून वाचताना कोणती बेरीज दिली आहे ते पाहावे.

आकड्याचे मोल कळायचे तर हिशोब असा करावा. हंगामात १६ क्लब असताना ३० सामने होत, १८ असताना ३४ आणि १९०५ पासून २० क्लब झाल्यावर ३८. त्यानुसार १८९७-९८ ते १९१४-१५ या १८ हंगामांत रोव्हर्सचे लीगमध्ये ६४८ सामने झाले. क्रॉम्प्टन त्यांपैकी ढोबळमानाने तीन चतुर्थांशांहून अधिक सामने खेळले. बदली खेळाडू नव्हते, दुखापत झालेल्या खेळाडूला लंगडत मैदानावर राहावे लागे, आणि चिखलात धडका घेणाऱ्या बचावपटूच्या बाबतीत हे प्रमाण थक्क करणारे आहे. क्लबाचा त्यांचा विक्रम १९८० च्या दशकात डेरेक फॅझकर्ली यांनी मोडला. तेही बचावपटूच होते.

९. इंग्लंडकडून फक्त ४१ सामने? आजचे खेळाडू १०० खेळतात.

हा प्रश्न सर्वाधिक वेळा येतो. मार्च १९०२ मध्ये वेल्सविरुद्ध रेक्सहॅमला क्रॉम्प्टन यांनी इंग्लंडकडून पदार्पण केले. तो सामना ०-० असा बरोबरीत सुटला. एप्रिल १९१४ मध्ये स्कॉटलंडविरुद्ध ग्लासगोला ते शेवटचा सामना खेळले आणि तो इंग्लंडने १-३ असा गमावला. या काळात विश्वचषक नव्हता, पात्रता फेऱ्या नव्हत्या. वर्षाला तीनच ठरलेले सामने असत: वेल्स, आयर्लंड आणि स्कॉटलंड यांच्याविरुद्ध. १३ हंगामांचे असे ३९ सामने झाले. त्यांत १९०८ च्या मध्य युरोप दौऱ्यातील चार आणि १९०९ च्या दौऱ्यातील तीन मिळवले की बेरीज ४६ होते. म्हणजे पदार्पणापासून निवृत्तीपर्यंत इंग्लंड ४६ अधिकृत सामने खेळले आणि त्यांपैकी ४१ मध्ये क्रॉम्प्टन होते. दुखापत, क्लबाच्या जबाबदाऱ्या आणि दरवर्षी नव्याने बसणारी निवडसमिती यांना पुरून उरलेले हे सातत्य आहे. त्यांच्या आधी सर्वाधिक सामन्यांचा विक्रम स्टीव्ह ब्लूमर यांच्या नावावर होता आणि तो २३ सामन्यांचा होता.

१९०८ चा दौरा हा इंग्लंडच्या पूर्ण संघाचा ब्रिटिश बेटांबाहेरचा पहिलाच दौरा. व्हिएन्नात ऑस्ट्रियाविरुद्ध ६-१ आणि ११-१, बुडापेस्टमध्ये हंगेरीविरुद्ध ७-० आणि प्रागमध्ये बोहेमियाविरुद्ध ४-० असे त्याचे निकाल होते. प्रतिस्पर्धी नवखे होते, त्यामुळे या विजयांवरून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत.

इंग्लंडच्या बचावात डाव्या बाजूला त्यांचे नेहमीचे जोडीदार वेस्ट ब्रॉमविच अल्बियनचे जेसी पेनिंग्टन होते. दोन फुल-बॅकांनी एकमेकांच्या हालचाली न बोलता ओळखणे किती गरजेचे होते ते प्रश्न ५ मध्ये आले आहे. या दोघांची जोडी अनेक वर्षे टिकली, म्हणूनच ती इतकी नावाजली गेली.

१०. आयब्रॉक्सच्या दुर्घटनेच्या वेळी ते मैदानावर होते, हे खरे का? तो सामना ४१ मध्ये धरला आहे का?

होय, ते मैदानावर होते, आणि नाही, तो सामना धरलेला नाही. ५ एप्रिल १९०२ रोजी ग्लासगोच्या आयब्रॉक्स पार्कवर स्कॉटलंड-इंग्लंड सामना चालू असताना नव्याने बांधलेल्या लाकडी प्रेक्षागृहाचा एक भाग कोसळला. २५ जण मृत्युमुखी पडले आणि ५०० हून अधिक जखमी झाले. गर्दी बिथरून आणखी अनर्थ होऊ नये या विचाराने सामना पुढे खेळवला गेला आणि तो १-१ असा संपला. नंतर तो अनधिकृत ठरवण्यात आला व ३ मे रोजी बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्कवर पुन्हा खेळवला गेला. तो २-२ असा बरोबरीत सुटला. अधिकृत नोंदीत हा दुसरा सामना आहे. जुन्या याद्यांत क्रॉम्प्टन यांचे सामने कुठे ४२ दिसले, तर हा आयब्रॉक्सचा सामना त्यात मिळवला आहे का, ते आधी पाहावे.

११. इंग्लंडचे पहिले व्यावसायिक कर्णधार तेच का?

पहिले नव्हेत. त्यांच्या आधीही व्यावसायिक खेळाडूंनी एखाद-दुसऱ्या सामन्यात नेतृत्व केले होते. मात्र वर्षानुवर्षे कर्णधारपद सांभाळणारे ते पहिले व्यावसायिक, असे म्हणता येईल. विद्यापीठे आणि उच्चभ्रू शाळांतून आलेल्या हौशी खेळाडूंकडेच नेतृत्व असावे, असा समज तेव्हाच्या पदाधिकाऱ्यांत खोलवर रुजलेला होता. १८८० च्या दशकात ब्लॅकबर्नचेच जेम्स फॉरेस्ट व्यावसायिक म्हणून इंग्लंडकडून खेळले, तेव्हा स्कॉटलंडच्या बाजूने उघड नाराजी व्यक्त झाली होती. जेमतेम २० वर्षांत त्याच शहरातील दुसरा व्यावसायिक देशाचा मान्य कर्णधार झाला, हा बदल लहान नव्हता.

१२. त्यांनी एफए चषक कधीच जिंकला नाही का?

खेळाडू म्हणून नाही. रोव्हर्स १९११ मध्ये उपांत्य फेरीत ब्रॅडफर्ड सिटीकडून आणि १९१२ मध्ये वेस्ट ब्रॉमविच अल्बियनकडून, बरोबरीनंतरच्या फेरसामन्यात, हरले. दुसऱ्या वेळी समोरच्या संघात त्यांचे इंग्लंडचे जोडीदार पेनिंग्टन होते. व्यवस्थापक म्हणून त्यांना चषक मिळाला, त्याविषयी प्रश्न १४ पाहा.

१३. पहिल्या महायुद्धाने त्यांच्या कारकिर्दीचे किती नुकसान केले?

१९१५ ते १९१९ लीग बंद होती. थांबली तेव्हा क्रॉम्प्टन ३५ वर्षांचे होते आणि सुरू झाली तेव्हा चाळिशीला टेकलेले. रोव्हर्स १९१४-१५ मध्येही तिसरे होते, त्यामुळे हा संघ उतरणीला लागला होता असे म्हणता येत नाही. युद्धाने तो मोडला. दोन्ही विजेत्या संघांतील आघाडीपटू एडी लॅथरन ऑक्टोबर १९१७ मध्ये पाशेंडेलच्या लढाईत मारले गेले. क्रॉम्प्टन १९१९-२० च्या हंगामात काही सामने खेळले आणि १९२० मध्ये थांबले.

१४. व्यवस्थापक म्हणून ते यशस्वी होते का?

होय, आणि दोनदा. निवृत्तीनंतर ते क्लबाच्या संचालक मंडळावर आले आणि १९२६ च्या अखेरीस त्यांनी मानद व्यवस्थापक म्हणून संघाची सूत्रे हाती घेतली. ऑफसाइडचा नवा नियम लागू होऊन तेव्हा जेमतेम दीड वर्ष झाले होते. ज्या बचावशास्त्रात ते वाढले होते, तेच बदलले होते. सेंटर हाफला मागे ओढून तिसरा बचावपटू करण्याची पद्धत सगळीकडे पसरत होती.

२१ एप्रिल १९२८ रोजी वेम्बलीवर रोव्हर्सची गाठ हडर्सफील्ड टाउनशी पडली. १९२४ ते १९२६ सलग तीनदा लीग जिंकलेला हा संघ उघडपणे वरचढ मानला जात होता. पहिल्याच मिनिटात जॅक रॉस्कॅम्प यांनी गोलरक्षक बिली मर्सर यांना खांद्याने धडक दिली आणि चेंडू गोलमध्ये गेला. आज अशा गोलावर पंच शिटी वाजवतील, पण तेव्हा ते नियमात बसणारे होते (प्रश्न ६). टॉम मॅकलीन यांनी दुसरा गोल केला, हडर्सफील्डकडून ॲलेक्स जॅक्सन यांनी एक फेडला आणि रॉस्कॅम्प यांच्याच दुसऱ्या गोलाने सामना ३-१ असा संपला. हॅरी हीलेस यांनी कर्णधार म्हणून चषक स्वीकारला. रोव्हर्सने त्यानंतर आजवर एफए चषक जिंकलेला नाही.

१९३० च्या दशकाच्या आरंभी मतभेदांनंतर क्रॉम्प्टन क्लबपासून दूर झाले. १९३५-३६ मध्ये त्यांनी बोर्नमथचे व्यवस्थापन केले. १९३६ मध्ये रोव्हर्स प्रथमच दुसऱ्या विभागात घसरले आणि तिथेही संघ चाचपडत असताना १९३८ मध्ये त्यांना परत बोलावण्यात आले. पुढच्याच हंगामात, १९३८-३९ मध्ये, रोव्हर्सने दुसरा विभाग जिंकून बढती मिळवली. शेफिल्ड युनायटेडपेक्षा त्यांचा एकच गुण अधिक होता. ही बढती उपभोगायला मात्र मिळाली नाही, कारण सप्टेंबर १९३९ मध्ये दुसरे महायुद्ध सुरू झाले. जून १९४० मध्ये युद्धकालीन चषकाच्या अंतिम सामन्यात वेम्बलीवर रोव्हर्स वेस्ट हॅमकडून ०-१ असे हरले, तेव्हाही व्यवस्थापक क्रॉम्प्टनच होते. ती स्पर्धा एफए चषक म्हणून धरली जात नाही.

१५. त्यांचे निधन कसे झाले?

मार्च १९४१ मध्ये ईवुड पार्कवर रोव्हर्सचा बर्नलीविरुद्धचा युद्धकालीन सामना पाहिल्यानंतर हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. ते ६१ वर्षांचे होते आणि क्लबाचे व्यवस्थापक होते.

१६. इंग्लंडचा त्यांचा विक्रम कोणी मोडला?

वुल्व्हरहॅम्प्टन वाँडरर्सचे बिली राइट यांनी, २५ मे १९५२ रोजी व्हिएन्नात ऑस्ट्रियाविरुद्ध. तो राइट यांचा ४२ वा सामना होता. शेवटच्या सामन्यापासून मोजले तर क्रॉम्प्टन यांचा विक्रम ३८ वर्षे टिकला. मधल्या काळात दोन महायुद्धे झाली आणि त्यांनी अनेकांची ऐन उमेदीची वर्षे खाल्ली, हेही या टिकण्यामागचे एक कारण आहे.

१७. रोव्हर्सचा पुण्याशी संबंध आहे असे ऐकले. तो क्रॉम्प्टन यांच्या काळापासूनचा का?

नाही. नोव्हेंबर २०१० मध्ये पुण्याच्या वेंकीज समूहाने हा क्लब विकत घेतला. ऑक्टोबर २०११ मध्ये रोव्हर्स बालेवाडीत पुणे एफसीविरुद्ध मैत्रीपूर्ण सामना खेळले. क्रॉम्प्टन यांच्या काळात मालकी व सूत्रे स्थानिक गिरणीमालक आणि व्यापाऱ्यांकडे होती (प्रश्न ७). मुंबईत १८९१ पासून खेळल्या गेलेल्या रोव्हर्स चषकाशीही या क्लबाचा संबंध नाही. नाव सारखे असल्यामुळे ही गल्लत पुष्कळदा होते.

१८. हॉवर्ड स्पेन्सर किंवा पेनिंग्टन हे क्रॉम्प्टन यांच्याहून सरस होते, असे काहीजण म्हणतात. तुमचे मत?

ॲस्टन व्हिलाचे हॉवर्ड स्पेन्सर हे स्वच्छ आणि देखण्या खेळासाठी प्रसिद्ध होते. केवळ खेळाचे सौंदर्य पाहायचे तर त्यांना पसंती देणाऱ्यांशी मी वाद घालणार नाही. पेनिंग्टन डाव्या बाजूचे असल्यामुळे त्यांची तुलना नीट जुळत नाही, आणि त्या दोघांचा मोठेपणा बराचसा एकमेकांवर अवलंबून होता. पण सर्वोच्च दर्जा, नेतृत्व आणि कालावधी या तिन्ही गोष्टी एकत्र धरल्या, तर १९१४ पूर्वीच्या इंग्लंडमध्ये क्रॉम्प्टन यांच्या जवळ येणारा दुसरा फुल-बॅक मला दिसत नाही.

१९. त्यांच्या पाठीवर २ क्रमांक होता का?

नाही. इंग्लंडच्या लीगमध्ये पाठीवर क्रमांक घालणे १९३९ मध्ये सक्तीचे झाले. उजव्या फुल-बॅकला पुढे २ क्रमांक मिळू लागला, म्हणून आजच्या चित्रांत क्रॉम्प्टन यांच्या सदऱ्यावर तो काढलेला कधी कधी दिसतो. त्यांच्या काळातील सिगारेटच्या पाकिटातील चित्रांत आणि संघाच्या छायाचित्रांत रोव्हर्सचा निळा-पांढरा, उभ्या दोन भागांचा सदरा क्रमांकाविनाच आहे.